कोपीचा पत्ता

दिवाळीच्या आगेमागे धाराशिव जिल्ह्यात, ढोकी-रांजणीसारख्या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबू, पाचट, वरून प्लॅस्टिकचा कागद आणि जवळच चूल. माणसं पहाटेच फडात जातात, मागे लेकरं आणि म्हातारी. अशा वस्त्यांचा डिजिटल नकाशा आगीच्या वेळी कामी येईल म्हटलं, की काही ठरलेले आक्षेप ऐकू येतात.

‘गूगलवर सगळं दिसतंच की.’ दिसतं ते छप्पर, तेही चित्र घेतलं त्या दिवसाचं. चार-पाच महिन्यांची वस्ती त्यात बहुधा नसतेच. शिवाय बंबाच्या चालकाला छप्पर बघून काय करायचं? त्याला वाट किती रुंद, विजेची तार किती खाली, गाडी कुठे वळेल, कुठल्या विहिरीला मोटर आहे, हे हवं असतं. ते पायी फिरून, टेप लावून, राहणाऱ्यांना विचारूनच कळतं. पुण्यात १९९३ साली सुरू झालेल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने उपग्रहचित्राला घरोघरच्या माहितीची जोड देऊन झोपडपट्ट्यांचे नकाशे केले, मुख्यतः घरं आणि शौचालयांसाठी. आगीसाठीही रीत हीच. कांदिवलीचं दामूनगर २०१५ मध्ये आणि पुण्याची पाटील इस्टेट २०१८ मध्ये जळाली, तेव्हा सिलिंडर फुटत गेले. दाट वस्तीत आत शिरण्याआधी जवानाला वाटा ठाऊक असणं म्हणजे त्याचाही जीव वाचणं.

‘पत्ताच नाही, तर बंब येणार कुठे?’ टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला अक्षरं-अंक मिळून दहा खुणांचा संकेत. त्याला पक्क्या घराची अट नाही. मात्र धावपळीत दहा खुणा फोनवर सांगणं अवघड. म्हणून संकेत वस्तीच्या तोंडाशी पाटीवर रंगवावा, मुकादमाच्या फोनमध्ये ठेवावा आणि जवळच्या अग्निशमन केंद्रात आधीच नोंदवावा.

‘नकाशात आलो की जागा आपली’ असं काहींना वाटतं, तर काहींना ‘आता उठवणार’ ही धास्ती. डिजिपिन फक्त ठिकाण सांगतो, मालकी नाही. उठवलं जाण्याची धास्ती मात्र मी खोटी म्हणणार नाही. ज्यांनी ते भोगलंय त्यांना ती असणारच. म्हणून नोंद वस्तीला विचारूनच व्हावी, आणि आगीच्या नकाशात माणसांची नावं नसावीत.

खर्चाचं म्हणाल, तर अनेक कारखाने उसाची नोंद मोबाइलवर, फडाच्या जागेसकट करतात. फड नोंदवता येतो, तर तो तोडणाऱ्यांची कोपीही येते. टोळी उतरते त्याच दिवशी चिटबॉयने, म्हणजे कारखान्याच्या ऊसनोंदीच्या माणसाने, कोपीची खूण नकाशावर करावी.

नकाशाने बंबाचं अंतर मात्र कमी होत नाही. तो तालुक्याच्या गावाहून निघेपर्यंत पाचट जळून गेलेलं असेल. म्हणून नकाशावर सर्वांत आधी हवी जवळची विहीर, तिच्या मोटरची किल्ली ज्याच्याकडे असते त्याचं घर आणि कारखान्याचा पाण्याचा टँकर. टोळ्या गावी परतल्या की खुणा पुसायच्या, नाहीतर पुढच्या वर्षी बंब रिकाम्या माळावर जाऊन उभा राहील.