फोडणीची पोळी : संस्कार आणि राशि

रात्रीच्या उरलेल्या पोळ्या सकाळी कुस्करून मोहरी, जिरे, हिंग, हळद, कांदा व मिरचीच्या फोडणीत परतल्या की न्याहारी सिद्ध होते. पथ्यापथ्य सांगताना आपण वैद्य ‘शिळे वर्ज्य’ एवढे लिहून मोकळे होतो. रुग्ण मात्र ती शिळी मानतच नाही, कारण ती गरम असते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, आहारविधीची आठ आयतने वर्णिली आहेत. त्यांपैकी करण म्हणजे संस्कार. पर्युषित पोळी रूक्ष व दुर्जर असते. स्नेह, अग्निसंयोग आणि हिंग-जिऱ्यासारखी दीपन-पाचन द्रव्ये यांमुळे ती पचनास काहीशी सुकर होते. हीच दोन द्रव्ये हिंग्वष्टक चूर्णात आहेत, हे औषधविक्रेत्या बंधूंना सांगावयास नको. परंतु संस्काराने राशि पुसली जात नाही.

येथे आमचीच चूक नमूद करतो. पोळी थंड झाली की तिच्यातील पिष्टाचा काही अंश सावकाश पचणारा होतो, असे आम्ही एका मधुमेही गृहस्थांस सहज बोललो. त्यांनी ती अनुज्ञा मानली व रोज चार पोळ्यांचा कुस्करा सुरू केला. रक्तशर्करा वाढल्यावर आम्ही हिशेब मांडला. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे १०० कॅलरी, चारांच्या ४००. कोरडी पोळी तेल पिते, म्हणून फोडणीला चार लहान चमचे तेल, त्याच्या १८०. मूठभर शेंगदाण्यांच्या शंभरावर. म्हणजे न्याहारीतच सातशेच्या आसपास! तो सावकाश पचणारा अंश या भारापुढे किती पुरणार?

आता आम्ही अशा रुग्णांस दीड पोळी, एक चमचा तेल, भरपूर कांदा-कोथिंबीर व सोबत वाटीभर ताजे ताक असे सांगतो. लिंबू खाली उतरवल्यावर पिळावे; त्यातील क जीवनसत्त्व टिकते आणि कणकेतील लोह शोषले जाण्यास साहाय्य होते.

रक्तदाबाच्या रुग्णाची गोष्ट निराळी. मीठ कणकेत एकदा पडलेले असते, फोडणीत पुन्हा पडते. वर पोट फुगले म्हणून तो दुकानातून लवणभास्कर नेतो. विक्रेत्याने तेथे एक प्रश्न अवश्य विचारावा.

पावसाळ्यात डब्यातील पोळीवर बुरशीचा ठिपका दिसल्यास ती संपूर्ण टाकावी. तेवढाच भाग खुडून उरलेली फोडणीस टाकण्याची रीत घरोघर आहे. बुरशीचे विष त्या उष्णतेने जात नाही.