नजरेचा अंदाज आणि खुणांची पिशवी

झरी-जामणी तालुक्यातलं मुकुटबन तेलंगणाच्या सीमेजवळ. भोवती कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. बाळंतपणानंतर एखादीला फार रक्त जाऊ लागलं आणि तिला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं ठरलं, तर अंतर शंभरेक किलोमीटर.

शरीर एवढं थांबत नाही. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा जास्तच रक्त पुरवलं जातं. वार पडल्यावर गर्भाशय आकसतं आणि उघड्या वाहिन्या आवळल्या जातात. ते आकसलं नाही, तर बाळंतीण दोन तासांत दगावू शकते. मुळात अंगात रक्त कमी असेल, तर त्याच्याही आधी. म्हणून १०८ची गाडी हवीच, पण पहिला उपचार बाळंतपण होतं तिथेच व्हायला हवा.

तो कोण करणार? याचं उत्तर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत मिळालं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २००२ ते २००५ या काळात १,६२० बाळंतिणींवर चाचणी घेतली. निम्म्यांना गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी. देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, गावातल्या नर्सबाई होत्या. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. गोळीने थंडी वाजते, तापही येतो. पण तिला ना सुई लागते ना फ्रीज. नेहमीचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मात्र थंडच ठेवावं लागतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ते सोपं नाही.

या कामातली दुसरी वस्तू आणखी साधी, आणि खरं तर जास्त कौतुकाची: बाळंतिणीखाली पसरायचा प्लास्टिकचा कागद, टोकाला पारदर्शक पिशवी आणि तिच्यावर दूध मोजायच्या मापावर असाव्यात तशा खुणा. तोवर रक्त नजरेनेच मोजलं जाई. बेळगावात पडताळून पाहिलं, तर नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला.

अशीच खुणांची पिशवी पुढे आफ्रिकेत गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतल्या दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पिशवीने धोका दाखवला, की पोटावरून गर्भाशय चोळणं, औषधं, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं, अशी पद्धत होती. जीवघेण्या रक्तस्रावाचे प्रसंग ६० टक्क्यांनी घटले. जुन्याच रीतीने चाललेल्या रुग्णालयांत मात्र रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम ५१ टक्क्यांचा वेळेत लक्षात आला. पिशवी होती तिथे ९३ टक्क्यांचा.