साक्षीचे अवमूल्यन: कार्यस्थळातील ‘गॅसलाइटिंग’चे स्वरूप व परिणाम

पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ साली इंग्लंडमध्ये रंगभूमीवर आले. त्यातील पती वरच्या मजल्यावर रत्नांचा शोध घेण्यासाठी दिवा लावतो, तेव्हा खालच्या खोलीतील गॅसचा दिवा मंद होतो. पत्नीला हा बदल स्पष्ट दिसतो. परंतु वस्तू हरवल्याचा दोष वारंवार माथी मारून पतीने तिचा स्वबुद्धीवरील विश्वास इतका खिळखिळा केलेला असतो, की डोळ्यांनी पाहिलेले खरे मानण्याचेही धैर्य तिला उरत नाही. ‘गॅसलाइटिंग’ ही संज्ञा या नाटकावरून रूढ झाली. मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नसल्यामुळे येथे मूळ शब्दच योजिला आहे.

ही संज्ञा आज फार सैलपणे वापरली जाते. खोटे बोलणे, मतभेद किंवा विसर यांपैकी कशासही गॅसलाइटिंग म्हणता येणार नाही. भेद कोठे आहे, हे एका संवादावरून स्पष्ट होईल. लिपिक वरिष्ठांस म्हणतो, ‘यादी मंगळवारपर्यंत द्यावी, असे आपण सांगितले होते, मी ते ऐकले.’ ‘मला आठवत नाही’ या उत्तरात वरिष्ठ स्वतःच्याच स्मृतीविषयी बोलतात. ‘मी तसे सांगितले नाही’ या उत्तराने घटनेविषयी वाद निर्माण होतो. पुराव्याने त्याचा निर्णय लागू शकतो. परंतु ‘तुम्हांला तसे वाटले असेल, अलीकडे तुमचे असेच होते’ हे उत्तर निराळ्या जातीचे आहे. ‘मी ऐकले’ असे म्हणणारा साक्षीदार असतो. ‘तुम्हांला वाटले’ या रचनेत त्याच्या पदास ‘ला’ प्रत्यय लागतो आणि तो केवळ एका भावनेचा अनुभव घेणारा ठरतो. ‘अलीकडे असेच’ या शब्दांनी एका प्रसंगाचे स्वभावात रूपांतर होते. घटना बाजूस राहते आणि बोलणाऱ्याचे मनच चर्चेचा विषय बनते. असे बोलणे एकदा घडले तर तो उद्धटपणा होय. अधिकाराच्या आधाराने ते सातत्याने घडू लागले, म्हणजे ते गॅसलाइटिंग होय. समाजशास्त्रज्ञ पेज स्वीट यांनी २०१९ मधील आपल्या लेखात हे वर्तन सामाजिक विषमतेत रुजलेले असते असे प्रतिपादन केले आहे, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

एखाद्या व्यक्तीचा दुष्ट हेतू नसतानाही संस्थेच्या कार्यपद्धतीतून हाच परिणाम कसा घडतो, याचे उदाहरण ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या प्रकरणात मिळते. तेथे १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली बसविण्यात आली. शाखा चालविणाऱ्या उप-पोस्टमास्तरांच्या हिशेबात अकारण तूट दिसू लागली. ते बहुतांशी पगारी नोकर नव्हते, कराराने बांधलेले होते. तूट मात्र त्यांनाच भरून द्यावी लागे. मदतकेंद्राच्या सूचनेनुसार आकडे भरीत असता तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली, असे एका महिला उप-पोस्टमास्तरने सांगितले आहे. ‘ही अडचण फक्त तुम्हांलाच येते’ असे उत्तर अनेकांना मिळाले. शाखेचे हिशेब दुरून बदलता येत नाहीत, असे संस्था सांगत राहिली. पुढे ते असत्य ठरले. वरच्या मजल्यावरील दिव्याची येथे आठवण व्हावी. शेकडो लोकांना शिक्षा झाल्या. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये कायदा करून शिक्षा रद्द करण्यात आल्या. किमान १३ आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो, असे चौकशीच्या २०२५ च्या अहवालात नमूद आहे.

याचा कामातील समरसतेशी संबंध काय? विल्यम कान यांनी १९९० मध्ये समरसतेच्या तीन मानसिक अटी सांगितल्या: कामात अर्थ वाटणे, निर्भयता असणे आणि कामास देण्याइतकी शक्ती शिल्लक असणे. गॅसलाइटिंग या तिन्ही अटींवर आघात करते. आपला निर्णय विश्वसनीय नाही अशी समजूत झाली की कामातील अर्थ ओसरतो. चूक दाखविली तर स्वतःच्या बुद्धीविषयीच शंका घेतली जाईल, या भीतीने माणूस मौन स्वीकारतो. उरलेली शक्ती प्रत्येक संभाषण पुनःपुन्हा आठवण्यात व तपासण्यात खर्ची पडते; चिंता, निद्रानाश व एकाकीपणा यांस येथूनच वाट मिळते. बाहेरून पाहणारास हा मनुष्य निरुत्साही दिसतो, आणि तो निरुत्साह मूळ आरोपाचाच पुरावा मानला जातो. या चक्राची खरी क्रूरता येथे आहे.

हे चक्र दुसऱ्या साक्षीदाराने तुटते. नाटकात मंद होणाऱ्या दिव्याचा अर्थ पोलीस अधिकारी उलगडून दाखवितो. ब्रिटनमध्ये अॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने २००९ साली फेनी कॉम्प्टन या गावी उप-पोस्टमास्तर एकत्र जमले, तेव्हा आपण एकटे नाही हे प्रत्येकास कळले. लेखी नोंद हाही एक साक्षीदारच होय. तोंडी आदेशानंतर त्याचा गोषवारा लिहून पाठविणे आणि बैठकीचे इतिवृत्त सर्वांना देणे, हे उपाय साधे असले तरी साक्षीस पुन्हा साक्षीचे स्थान देतात. मार्गदर्शक व संशोधक विद्यार्थी यांच्यातील बहुतेक व्यवहार तोंडीच चालतो, हे ध्यानी घेता विद्यापीठीय विभागांनीही ही शिस्त प्रथम आपल्यापासून सुरू करावी, हे उचित होईल.