दोन अंगरखे

नाताळाआधीचे चार रविवार ज्यांत येतात, तो ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ. या दिवसांत प्रीतीविषयी पुष्कळ बोलले जाते. पण लूकच्या शुभवर्तमानाचा 3रा अध्याय पाहा. आम्ही काय करावे, असे लोक योहानाला विचारतात. उत्तर अगदी रोकडे आहे: दोन अंगरखे असतील त्याने एक, नसलेल्याला द्यावा. तुम्ही म्हणाल, आम्ही देतोच की! देतो खरे, पण बहुधा विटलेला, कॉलर झिजलेला. योहान दोनांतला एक मागतो, टाकाऊ तिसरा नव्हे. जकातदारालाही तो नाके सोडायला सांगत नाही, हे मला विशेष वाटते. नाक्यावरच बसावे, मात्र ठरल्याहून एक पैसाही जास्त घेऊ नये. आणि समोर उभा असतो तो रोजचाच, घासाघीस करणारा माणूस.