आज आईनं उठायचं नाही! : स्वीडनमधली लूसियाची पहाट

सणाच्या दिवशी घरात सगळ्यांत आधी कोण उठतं, हे काही कुणाला विचारावं लागत नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं पाणी कोण तापवतं, उटणं कोण कालवतं, फराळाच्या बशा कोण भरतं? आपणच! पण मैत्रिणींनो, जगाच्या पाठीवर एक सण असाही आहे, की त्या पहाटे आईनं अंथरुणातच पडून राहायचं. मुलं हातात दिवे घेऊन, गाणं म्हणत तिच्या खोलीत येतात आणि गरम कॉफी नि केशरी पाव तिच्यापुढे ठेवतात. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला साजरा होणारा हा लूसियाचा दिवस.

हल्ली आपल्यापैकी काही जणींची मुलगी किंवा सून नोकरीनिमित्त स्टॉकहोमला, गोथेनबर्गला असते. तिच्या बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला ऐन थंडीत तिकडे जायचा योग येतो. खिडकीखिडकीत दिवे दिसतात, नात शाळेतून येऊन ‘मला पांढरा झगा हवा’ म्हणून हट्ट धरते, आणि हे काय चाललंय ते आजीला उमगत नाही. म्हणून हा सण जरा नीट समजून घेऊ या.

अंधार तरी किती?

डिसेंबरच्या मध्याला स्टॉकहोमला सूर्य उगवतो तो सकाळी साडेआठनंतर, आणि दुपारी तीनच्या आत मावळतोसुद्धा. म्हणजे मुलं अंधारात शाळेत जायची आणि अंधारातच घरी यायची! अगदी उत्तरेला किरुना गावी तर डिसेंबरात काही आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. अशा दिवसांत माणसाचं मनही मिटून जातं. तिथे दिवा हा नुसता शोभेचा नसतो, तो जिवाला आधार असतो.

तारीख १३ च का, असं तुम्ही विचाराल. जुन्या जुलियन कालगणनेत एके काळी वर्षातली सर्वांत मोठी रात्र याच तारखेच्या आसपास यायची. स्वीडनने १७५३ साली नवी कालगणना स्वीकारली. मोठी रात्र २१-२२ डिसेंबरला गेली, पण सण राहिला जुन्याच तारखेला. खेड्यापाड्यांतून या रात्रीविषयी नाना समजुती होत्या. या रात्री जनावरं बोलतात, भुतंखेतं मोकळी सुटतात, म्हणून माणसांनी जागं राहावं, पोटभर खावं आणि गोठ्यातल्या गुरांनाही जास्तीचा चारा घालावा, असं म्हणत.

ही लूसिया कोण?

मुळात लूसिया स्वीडनची नव्हेच. ती इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरची, सिराक्यूज शहरातली एक तरुण ख्रिस्ती मुलगी. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, त्यात इ. स. ३०४ च्या सुमारास तिला मृत्यू आला, असं परंपरा सांगते. भुयारांत लपून राहिलेल्या लोकांना ती रात्री अन्न पोचवायची. दोन्ही हात जेवणाला मोकळे राहावेत म्हणून तिने दिवे डोक्यावर घेतले, अशी दंतकथा आहे. ‘लक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये प्रकाश; तिचं नावही त्याच्याशीच जोडलेलं.

स्वीडन हा प्रॉटेस्टंटांचा देश. तिथे संतांची पूजाअर्चा केव्हाच मागे पडली. तरी ही मुलगी मात्र घरात राहिली. पश्चिम स्वीडनमधल्या श्रीमंत वाड्यांतून अठराव्या शतकात ही प्रथा दिसू लागली. पांढऱ्या वेषातली मुलगी पहाटे दिवे घेऊन न्याहारी आणायची. १९२७ साली स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने लूसिया निवडण्याची स्पर्धा ठेवली आणि मग सण देशभर पसरला. आज शाळा, कचेऱ्या, इस्पितळं, वृद्धाश्रम, सगळीकडे लूसियाची मिरवणूक निघते. तिच्या गाण्याची चाल मात्र इटलीतली, नेपल्सची!

घरातली तयारी

परंपरेप्रमाणे घरची थोरली मुलगी लूसिया होते. पायघोळ पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा आणि डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. तो लाल पट्टा तिच्या बलिदानाची खूण. मागोमाग हातात एकेक दिवा घेतलेल्या सख्या. मुलगे उंच निमुळती, सोनेरी चांदण्या चिकटवलेली टोपी घालून ‘तारेवाले’ होतात. लहानग्यांना घरराख्या बुटक्याचा लाल पोशाख घालतात. जुनी पांढरी चादर आणि लाल रिबन हाताशी असली की घरच्या घरी सगळं शिवून होतं.

एक मात्र अगदी कानात सांगून ठेवते. मुलीच्या डोक्यावर खरी मेणबत्ती नको! मोठ्यांच्या मिरवणुकीत खऱ्या मेणबत्त्या लावतात, तेव्हासुद्धा केसांवर ओला रुमाल बांधतात आणि सोबत जाणतं माणूस असतं. घरासाठी बॅटरीवरचे मुकुट मिळतात, तेच बरे. सख्यांच्या हातातले दिवेही बॅटरीचेच घ्या.

केशरी पाव

या पावांना ‘लुस्सेकातर’ म्हणतात, म्हणजे लूसियाची मांजरं! तिकडे केशर अर्ध्या ग्रॅमच्या इवल्याशा पुडीत मिळतं. आपल्या श्रीखंडाला लागतं तेच हे केशर, तेव्हा हात सरावलेलाच आहे.

साहित्य : अर्धा ग्रॅम केशर, पाव लिटर दूध, १०० ग्रॅम लोणी, ९० ग्रॅम साखर, साधारण अर्धा किलो मैदा, ७ ग्रॅम सुकं यीस्ट, चिमूटभर मीठ, मूठभर बेदाणे.

कृती : केशर चमचाभर साखरेबरोबर खलात बारीक कुटावं. लोणी वितळवून त्यात दूध घालावं आणि बोटाला सोसेल इतकंच कोमट ठेवावं; दूध फार गरम झालं तर यीस्ट मरतं. त्यात केशर, साखर, मीठ, यीस्ट घालून मावेल तसा मैदा घालत जावा. पीठ मऊच हवं. दहा मिनिटं चांगलं मळून झाकून ठेवावं. तासाभरात ते दुप्पट फुगतं. मग करंगळीएवढ्या जाडीच्या वीतभर वळ्या करून दोन्ही टोकं उलटसुलट दिशांना गुंडाळावीत. प्रत्येक वेटोळ्यात भिजवलेला एक बेदाणा खोचावा. पुन्हा अर्धा तास ठेवून वरून दुधाचा हात फिरवावा आणि २२५ अंशांवर सहा ते आठ मिनिटं भाजावं. हे पाव लवकर कोरडे पडतात, म्हणून गरम असतानाच फडक्यात गुंडाळा. पीठ मळताना दोन-तीन चमचे चक्का घातला तर ओलावा टिकतो. स्वीडिश गृहिणीही चक्क्यासारखाच एक पदार्थ घालतात. पाव आदल्या दिवशीच करून ठेवावेत, म्हणजे पहाटे मुलांना फक्त गरम करायचे उरतात.

काळ्या केसांची लूसिया

आता एक मनातली गोष्ट. वर्तमानपत्रांच्या स्पर्धांमुळे लूसिया म्हणजे सोनेरी केसांची, गोरीपान मुलगी असं समीकरण होऊन बसलं. २०१६ साली एका दुकानाने सावळ्या मुलाला लूसियाच्या वेषात जाहिरातीत दाखवलं, तर इतकं वाईटसाईट बोललं गेलं की ती जाहिरात मागे घ्यावी लागली. पण त्या मुलाची बाजू घेऊन बोलणारेही खूप निघाले. कित्येक शाळांत आता चिठ्ठी टाकून लूसिया निवडतात.

तेव्हा तुमची नात ‘माझे केस काळे आहेत, मी कशी लूसिया होणार?’ असं म्हणत हिरमुसली, तर तिला जवळ घ्या आणि सांगा, अगं, खरी लूसिया सिसिलीची होती. तिथल्या मुलींचे केस बहुतेक काळेभोरच असतात! रंगरूप पाहून दिवा कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवलं, तर मग तो दिवा कसला?

आणि शेवटचं, सगळ्यांत अवघड काम. त्या पहाटे स्वयंपाकघरात भांडं पडेल, कप फुटेल, दूध उतू जाईल, आणि तुमचा पाय आपोआप पलंगाखाली येईल. येऊ देऊ नका! मुलांना धडपडू द्या, जावयालाही त्यांच्या मदतीला पाठवा. आयतं मिळालेलं मुकाट्यानं घेणं आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. ते शिकायला वर्षातली एक पहाट पुरे. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढा, डोळे मिटून झोपेचं सोंग घ्या आणि दाराखालून उजेड सरकत येताना नुसतं ऐकत राहा.