गोल सहा, हिशेबात चार

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल मैदानावर अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना झाला. त्यात किती गोल झाले असे कोणाला विचारले तर तो हसेल. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, म्हणजे सहा गोल. पुढे पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने जिंकली. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गादीसमोर एक तरुण बसला होता आणि त्याच्या मोबाइलमध्ये त्या सहा गोलांचे चारच भरत होते.

हा मुलगा आम्हाला कोरे कापड घालणाऱ्या एका लूमवाल्याचा. घरी आठ लूम. आदल्या शनिवारी अब्बांनी सूतवाल्याला द्यायला बारा हजार रुपये त्याच्या खात्यावर टाकले होते. ते त्याने मोबाइलवरील एका 'अंदाजांच्या बाजारात' लावले. प्रश्न असा होता की, या सामन्यात चारपेक्षा जास्त गोल होतील काय? त्याने 'होय' घेतले. 'होय'ची एक पावती दोन रुपयांना मिळत होती आणि खरी ठरल्यास तिचे दहा रुपये व्हायचे. बारा हजारांत सहा हजार पावत्या आल्या. जिंकला असता तर साठ हजार.

"चाचा, सहा गोल झाले की नाही? साऱ्या दुनियेने पाहिले," असे तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

आम्ही चष्मा लावून ती अटींची बारीक इंग्रजी अक्षरे वाचायला घेतली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, पण चाळीस वर्षे गिरण्यांची बिले वाचली असल्याने अटींपुरते इंग्रजी येते. तिसऱ्या ओळीत लिहिले होते की निकाल नियमित वेळेवर धरला जाईल, जादा वेळ व पेनल्टी धरली जाणार नाही. नव्वद मिनिटांचा खेळ संपला तेव्हा फलक २-२ होता. म्हणजे चार गोल. चारपेक्षा जास्त नव्हेत.

आमच्या व्यापारी बंधूंना यात नवल वाटू नये. कोऱ्या कापडाचे थान प्रोसेसला गेले की आटते. सौदा कोऱ्या मापावर झाला की धुतलेल्या मापावर, हे ज्याने आधी विचारले नाही त्याने नंतर भांडून काय मिळविले? थान तेच, मीटर मात्र दोन. फुटबॉलच्या बाद फेरीतही तसेच आहे. साखळी सामना बरोबरीत सुटला तर तिथेच संपतो. बाद फेरीत कोणाला तरी बाहेर पडावेच लागते, म्हणून बरोबरी झाल्यास पंधरा-पंधरा मिनिटांचे आणखी दोन डाव होतात आणि तरीही निकाल नसल्यास पेनल्टी. त्या स्पर्धेत बाद फेरीचे १६ सामने झाले, त्यांतले ५ जादा वेळेत गेले. म्हणजे जवळजवळ दर तीन सामन्यांत एकदा 'नव्वद मिनिटे' की 'एकशेवीस मिनिटे' हा प्रश्न उभा राहिला.

नव्वद मिनिटे हा शब्दही घड्याळाप्रमाणे घेऊ नये. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सच्या वेगहॉर्स्टने अर्जेंटिनावर बरोबरीचा गोल केला तो ९० अधिक ११ व्या मिनिटाला. खेळ थांबल्याची भरपाई म्हणून पंच जो वेळ वाढवून देतात तो नव्वदातच धरतात, म्हणून तो गोल नियमित वेळेतला. उलट क्रोएशिया-ब्राझील सामन्यात नेमारने गोल केला तेव्हा जादा वेळेचा पहिला डाव संपत होता. पुढे क्रोएशियानेही एक केला. त्या सामन्यात नव्वद मिनिटांच्या वहीत शून्य गोल, एकशेवीसच्या वहीत दोन. दोन्ही वह्या खऱ्या आहेत.

आता हा बाजार चालतो कसा, ते सांगतो. 'अमुक घडेल काय' असा एक प्रश्न ठेवतात. 'होय' आणि 'नाही' अशा दोन पावत्या असतात आणि दोन्हींची किंमत मिळून एक ठरलेली रक्कम होते. अमेरिकेत एक डॉलर, आपल्याकडच्या अॅपवर बहुधा दहा रुपये. 'होय' दोन रुपयांना असेल तर 'नाही' आठ रुपयांना. एकाने 'होय' घेतले की समोर कोणीतरी 'नाही' घेतलेले असतेच. कंपनी मध्ये बसून दलाली खाते, तिला गोलाशी कर्तव्य नाही. सामना चालू असताना भाव सतत हलतो आणि पावती मध्येच विकताही येते. भाव दोन रुपये याचा अर्थ असा की, बाजाराच्या मते ही गोष्ट शंभरात वीस वेळा घडेल. गोलांच्या संख्येवरील प्रश्न पुष्कळदा 'अडीचपेक्षा जास्त' असा असतो. अडीच गोल कोणी करीत नाही, पण त्यामुळे बरोबरी राहत नाही. दोनवर एक हरतो, तीनवर दुसरा.

या पद्धतीत अक्कल आहे हे आम्ही नाकारीत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये निवडणुकीवर असा छोटा बाजार अभ्यासासाठी सुरू केला. अनेकांच्या माहितीचा अर्क भावात उतरतो हे त्यामागचे तत्त्व, आणि कापसाच्या बाजारात वावरलेल्या माणसाला ते कोणी शिकवायला नको. पाऊस लांबल्याची खबर वर्तमानपत्राआधी भावात येते.

पण आमच्या त्या मुलाने भाव तरी बरोबर दिला होता काय? कतारच्या स्पर्धेत ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. सरासरी एका सामन्यास २.६९. एवढ्या सरासरीवर पाच किंवा अधिक गोल होण्याचा संभव गणिताने काढला तर शंभरात चौदाच्या आसपास येतो. म्हणजे दहा रुपयांच्या पावतीची रास्त किंमत एक रुपया चाळीस पैसे, त्याने दिले दोन रुपये. बारा हजारांत त्याने आठ हजार चारशेचा माल घेतला, तोही अट न वाचता. आणि ही सरासरी जादा वेळेतले गोल धरून आहे, जे त्याच्या पावतीत बसतच नव्हते. सुताचा भाव किलोमागे दोन रुपये चढला तर हाच मुलगा सूतवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दहा रुपये दिसले की दोन रुपये महाग आहेत की स्वस्त हे पाहायला कोणी थांबत नाही.

आता तो सामना त्या पावतीच्या नजरेने पाहा. २३ व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, ३६ व्या मिनिटाला डी मारिया. २-० झाल्यावर खेळ थंडावला. एकोणऐंशी मिनिटे होईपर्यंत त्याची पावती जवळजवळ रद्दी होती. मग एम्बापेने ८० व्या मिनिटाला पेनल्टीवर एक आणि ८१ व्या मिनिटाला दुसरा गोल केला. दोहोंत ९७ सेकंदांचे अंतर. चार झाले, आता एकच हवा. भरपाईच्या वेळेत मेस्सीचा जोरदार फटका फ्रान्सचा गोलरक्षक लोरिस याने वरच्यावर उडविला. साठ हजार रुपये त्या एका फटक्यावर टांगलेले होते आणि मालकाला त्याचा पत्ताच नव्हता. पुढे अजून अर्धा तास आहे असे समजून तो निवांत होता. १०८ व्या मिनिटाला मेस्सीने पाचवा गोल केला तेव्हा त्याने म्हणे गल्लीत फटाके वाजविले. ११८ व्या मिनिटाला सहावा. त्याचा सौदा मात्र अर्ध्या तासापूर्वीच मिटला होता.

निकाल ठरवितो कोण, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. त्याच स्पर्धेत २८ नोव्हेंबरला पोर्तुगाल-उरुग्वे या साखळी सामन्यात चेंडू गोलात गेला आणि रोनाल्डोने डोक्याने मारल्याचा आनंद साजरा केला. गोल मात्र ब्रुनो फर्नांडिसच्या नावावर लागला. चेंडूत यंत्र बसविलेले होते, त्याच्या नोंदीत रोनाल्डोचा स्पर्श आढळला नाही. 'गोल कोण करील' या प्रश्नावर पैसे लावणाऱ्याचे नफा-नुकसान अशा नोंदीवर ठरते. स्वयंगोलाची गोष्ट निराळीच. तो संघाच्या खात्यात जमा होतो, कोणा गोल करणाऱ्याच्या नाही.

आमच्यातील काही सुशिक्षित तरुण म्हणतात की हा जुगार नव्हे, हा वायदा आहे. कापसाचा वायदा चालतो तर गोलांचा का नको? अमेरिकेतही हाच वाद कोर्टात गेला आहे. तिथे २०२५ च्या आरंभी कॅल्शी या कंपनीने खेळांवरील पावत्या सुरू केल्या. ती म्हणते की आम्ही वायदे बाजाराच्या केंद्रीय आयोगाखाली येतो. नेव्हाडा, न्यू जर्सीसारखी राज्ये म्हणतात की ही सरळ पैज आहे आणि आमचा परवाना घ्या. दुसरी कंपनी पॉलीमार्केट. तिला त्याच आयोगाने २०२२ च्या जानेवारीत नोंदणीशिवाय बाजार चालविल्याबद्दल १४ लाख डॉलर दंड केला होता.

आमचे मत व्यापाऱ्याचे आहे. फतवा देणे आमचे काम नव्हे, जरी सूरह माइदामध्ये शराब व जुगार यांची नावे एकत्र आली आहेत हे प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही एवढेच विचारतो की माल कुठे आहे? शरीअतने बै-सलमला म्हणजे आगाऊ पैसे देऊन पुढे माल घेण्याच्या सौद्याला परवानगी दिली ती माप, वजन आणि मुदत ठरलेली असेल तर. मुदत संपली की धान्य किंवा कापूस दारात येतो. कापसाच्या वायद्यामागे कोणाची तरी गिरणी आणि कोणाचे तरी शेत असते. भाव पडण्याची भीती एकाला, चढण्याची दुसऱ्याला, आणि ती भीती सौदा नसला तरी असतेच. सामन्यातल्या पाचव्या गोलाची भीती कोणाला होती? पावती घेईपर्यंत कोणालाच नाही.

यावर एक उत्तर मिळते आणि ते ऐकण्यासारखे आहे. कोल्हापुरात तालमी-तालमींचे फुटबॉल संघ आहेत, विश्वचषकात पेठांतून अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतात. समजा एखाद्या होजिअरीवाल्याने निळ्या-पांढऱ्या जर्सी भरल्या आणि अर्जेंटिना लवकर बाहेर गेली, तर माल पडून राहील. त्याने 'अर्जेंटिना हरेल' अशी पावती घेतली तर नुकसान भरून निघेल. हिशेब बरोबर आहे. पण असा माणूस जर्सी जांगड घेईल आणि न खपलेला माल परत करील. आम्हाला तर पावती घेणाऱ्यांत जर्सीवाला एकही भेटला नाही.

शिवाय आपल्या धंद्याने हे एकदा पाहिलेले आहे. मुंबईचा आकडा निघाला तो कापसातूनच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. कापूस खरा होता, पण लावणाऱ्याला कापूस नको होता. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले तेव्हा खेळ बंद पडला नाही. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढू लागले आणि मटका हे नाव रूढ झाले. त्यात गिरणगावातले पगार कसे गेले हे जुन्या लोकांना विचारावे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल आहे, जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल होत नाही. म्हणून त्या मुलाला वकिलाकडे पाठविण्यात अर्थ नव्हता. त्यावेळी अशी अॅप मात्र उघड चालत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाख. खेळणाऱ्यास शिक्षा ठेवलेली नाही. त्यानंतर येथील कंपन्यांनी पैशांचे सौदे बंद केले. पण परदेशी दुकाने मोबाइलमध्ये शिरायला वाट शोधतातच, आणि बाद फेरी आता मोठी झाली आहे. २०२६ च्या विश्वचषकासाठी ४८ संघ ठरविल्याने बाद फेरीचे सामने १६ ऐवजी ३२ झाले.

त्या सकाळी मुलगा उठता उठता म्हणाला, "चाचा, अब्बांना तुम्ही सांगा." आम्ही सांगितले नाही, त्यालाच घेऊन गेलो आणि दारात उभे राहिलो. अब्बांनी आवाजसुद्धा चढविला नाही, फक्त विचारले की सूतवाल्याला आता काय सांगायचे. आम्ही सूतवाल्याकडे शब्द टाकला. त्याने आधीची बाकी मिटल्याशिवाय नवी पेटी द्यायचे नाकारले, आणि त्याचेही चूक नव्हते. आठांपैकी तीन लूम अकरा दिवस उभे राहिले. बारा हजारांची फेड मार्चपर्यंत चालली, दर आठवड्याला हजार रुपये, आणि ते सूतवाल्याच्या हातात नेऊन द्यायला तो मुलगाच जात असे.