गवतातले तेल, मटणातली चरबी

मटणाचा रस्सा थंड झाला की त्यावर पांढरट थर धरतो, हे तुम्ही पाहिले असेल. माशाच्या कालवणावर असा थर धरत नाही. बोकडाने जन्मभर खाल्ला तो बहुतेक पाला, आणि पाल्यातील स्निग्धांश तर तेलासारखा पातळ असतो. मग ही घट्ट चरबी आली कोठून?

आधी द्रवणांक पाहू. चरबी व तेले ज्यांपासून बनतात ती मेदाम्ले म्हणजे कार्बन अणूंच्या लांब साखळ्या. स्टिअरिक आणि लिनोलेनिक या दोन्ही आम्लांत १८ कार्बन अणू असतात. पण पहिले ६९ अंश सेल्सिअसला वितळते, तर दुसरे शून्याखाली ११ अंशांनाच. स्टिअरिकची साखळी सरळ असते, त्यामुळे तिचे रेणू काडेपेटीतल्या काड्यांसारखे चिकटून बसतात. लिनोलेनिकमध्ये तीन दुहेरी बंध असतात आणि प्रत्येक बंधापाशी साखळी वाकते. वाकड्या काड्या पेटीत नीट रचून दाखवा पाहू! सरळ साखळीचे आम्ल ते संपृक्त, दुहेरी बंधांचे ते असंपृक्त. लिनोलेनिक हे ओमेगा-३ गटातील आम्ल आपले शरीर बनवू शकत नाही; ते अन्नातूनच घ्यावे लागते. गवताच्या मेदाम्लांत निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो.

गाय, मेंढी, शेळी यांच्या पोटाचा पहिला कप्पा, रूमेन, म्हणजे सुमारे ३९ अंशांवर अखंड आंबणारा रांजणच. मोठ्या गाईत तो १०० लिटरहून अधिक असतो. त्यातील अनेक जिवाणूंना असंपृक्त आम्ले विषारी ठरतात. म्हणून ते दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवून ती निरुपद्रवी करतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात याच कामाला निकेल, दाब आणि कढत तेल लागते! मेंढीच्या रूमेनमधील द्रवात जवसाच्या तेलातले लिनोलेनिक आम्ल घटत जाते, हे रेमंड रायझर यांनी अमेरिकेत १९५१ साली दाखवले.

तर मग जनावराने काय खाल्ले याला काहीच अर्थ नाही का? आहे. शेकडा ९० च्या आसपास लिनोलेनिक या कारखान्यात खर्ची पडते, पण उरलेले निसटते. गवत खाणाऱ्या जनावराच्या पोटात ते रोज इतके येते की निसटणारा अंशही मांसात दिसून येतो. अमेरिकेत बरीच मांसाची गुरे अखेरचे काही महिने मक्यावर पोसतात. मक्यात लिनोलेनिक नगण्य; भर लिनोलेइक या ओमेगा-६ आम्लाचा. परिणामी मक्यावर पोसलेल्या गुरांच्या मांसात ओमेगा-६ हे ओमेगा-३ च्या साधारण सातपट भरते; गवतावरच्या गुरांत जेमतेम दीड-दोनपट.

१९७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील सी.एस.आय.आर.ओ. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जिवाणूंना चकवण्याची युक्ती काढली. तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर त्यांनी दुधातील केसीन या प्रथिनाचे कवच चढवले आणि फॉर्माल्डिहाइडने ते पक्के केले. रूमेनमध्ये आम्लता सौम्य, म्हणून कवच टिकते. चौथ्या कप्प्यात ती तीव्र, तेथे ते सुटते. मेंढ्यांच्या चरबीतील लिनोलेइक आम्ल शेकडा दोन-चारवरून २० च्याही वर गेले. युक्ती सुरेख खरी, पण चरबी मऊ पडली, चवीला गोडसर तेलकट लागली. शिवाय दुहेरी बंधांवर हवेतील ऑक्सिजन सहज हल्ला करतो, त्यामुळे असे मांस लवकर खवट होते. हिरव्या गवतातून ई जीवनसत्त्व मिळते आणि तेच या हल्ल्याला आवर घालते. कोरड्या दाण्यात ते बरेच कमी.

‘गवतावर वाढवलेले’ अशी चिठ्ठी लावून काही देशांत मांस चढ्या भावाने विकतात. गुणोत्तर सुधारते हे खरे. पण गुणोत्तर म्हणजे प्रमाण, मात्रा नव्हे. १०० ग्रॅम बिनचरबीच्या अशा मांसात ओमेगा-३ भरते ते मिलिग्रॅमच्या हिशेबात, बहुधा शंभराच्या आतबाहेर. तेवढ्याच वजनाच्या तेलकट समुद्री माशात ते ग्रॅमच्या घरात जाते आणि चमचाभर जवसाच्या चटणीतले लिनोलेनिकही साधारण तेवढेच भरते.